अण्णांचे गोदाकाठचे फोटो खुले करताना

"म्हणजे आता या फोटोंवर आपला काही हक्क राहणार नाही?" अण्णांचे फोटो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याने, म्हणजे ठरावीक अटी पाळून कुणालाही फुकट वापरू देणाऱ्या तयार परवान्याने, खुले करू या म्हटल्यावर दादाचा हा पहिला प्रश्न होता.

अण्णांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, नाशकात फोटो स्टुडिओ होता. पोटासाठी लग्नं-मुंजी आणि मनासाठी गोदाकाठ. रामकुंड, नारोशंकराचं देऊळ, सुंदरनारायणाच्या पायऱ्या, पुरात गळ्यापर्यंत बुडालेला दुतोंड्या मारुती, रंगपंचमीची रहाड, म्हणजे रंगाने भरलेला हौद. त्यांच्यामागे मी निगेटिव्ह स्कॅन करून घेतल्या. हे फोटो नाशिकवर लिहिणाऱ्या, शिकणाऱ्या प्रत्येकाला वापरता यावेत असं मला मनापासून वाटत होतं, म्हणून विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या खुल्या चित्रसंग्रहावर, द्यायचं ठरवलं.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर सरळ होतं: हक्क आपलेच राहतात. परवाना कॉपीराइटच्या जोरावरच उभा असतो. मालकच नसेल तर अटी कोण घालणार? फाळक्यांचा १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' आज कुणीही वापरू शकतो, कारण त्याची कायदेशीर मुदत संपली आहे. अण्णांच्या फोटोंचं तसं नाही. तिथे मुदत चालू असताना आपण आपल्या अटींवर परवानगी देतो.

खरा वाद झाला तो धंद्यावरून. "उद्या कोणी कॅलेंडर छापून पैसे कमवेल," असं आत्याचं म्हणणं. तिला 'व्यावसायिक वापर नाही' ही अट हवी होती. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सहा परवान्यांपैकी तीन परवान्यांत ती आहे, पण तसे फोटो विकिमीडिया कॉमन्स घेतच नाही. आणि मलाही ती अट नको होती. गावातला छोटा प्रकाशक नाशिकच्या इतिहासाचं पुस्तक काढतो ते विकायलाच. त्याला अडवून अण्णांचं काय भलं होणार? शेवटी त्यांतला बीवाय-एसए ४.० हा परवाना ठरला. नाव द्यायचं, बदल केला असेल तर तसं सांगायचं, आणि फोटोत बदल करून नवं काही केलं तर तेही याच परवान्याने द्यायचं. फोटो जसाच्या तसा पुस्तकात छापला म्हणून सगळं पुस्तक खुलं करावं लागत नाही. हे कळल्यावर आत्या बरीच निवळली. शिवाय कुणाला या अटी नको असतील तर तो आपल्याकडे येऊन वेगळा करार करू शकतो. ती वाट बंद होत नाही.

आईने मात्र सगळ्यात नेमका प्रश्न विचारला: "नंतर मन बदललं तर?" तर परत घेता येत नाही. आपण पुढे देणं थांबवू शकतो, पण ज्यांच्या हाती फोटो गेला त्यांचा परवाना कायम राहतो. यावर घरात घाई करायची नाही असं ठरलं आणि आई स्वतः तयार होईपर्यंत मी काहीच चढवलं नाही.

मग निवड. लग्नाचे फोटो बाजूला काढले, कारण १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाईक असतं. देवळं, पुतळे यांना अडचण नव्हती. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या वास्तू आणि शिल्पांचे फोटो काढायला आणि छापायला आपला कायदा मोकळीक देतो. सिनेमाच्या पोस्टरना ती मोकळीक नाही, म्हणून पोस्टरने भरलेल्या भिंतीचा एक देखणा फोटो सोडावा लागला. रामकुंडावर स्नान करणाऱ्या बायकांचे फोटो कायद्याने कदाचित चालले असते. कॉपीराइटचा परवाना फोटोतल्या माणसाच्या खासगीपणाबद्दल काहीच बोलत नाही. त्या बायकांना कोणी विचारलं नव्हतं, म्हणून तेही मी दिले नाहीत.

पुढचं काम कागदाचं. फोटो मी काढलेले नव्हते, म्हणून अपलोड करताना 'माझंच काम' असं लिहिणं खोटं ठरलं असतं. छायाचित्रकार म्हणून अण्णांचं नाव लिहिलं आणि परवानगीचं ईमेल कॉमन्सच्या स्वयंसेवकांना पाठवलं. त्यांनी विचारलं, बाकीच्या वारसांची संमती आहे का? प्रश्न रास्त होता. आई, दादा आणि मी, तिघांच्या लेखी संमतीत परवान्याचं पूर्ण नाव आणि आवृत्ती लिहिली. "वापरायला हरकत नाही" एवढं मोघम वाक्य तिथे पुरत नाही. काही आठवड्यांनी फोटोंच्या पानांवर परवानगीची नोंद लागली. वर्णनं मराठीतही लिहिली, घाटांची आणि कुंडांची नावं इथे म्हणतात तशीच.

तेव्हापासून नातेवाईक विचारतात, "नेटवर आहे, मग उचलायचं, त्यात काय?" मी प्रत्येकाला सांगते, खाली 'साभार' लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, आधी परवाना बघा.

लग्न-मुंजीचे डबे अजून कपाटात आहेत. अण्णांच्या वहीत गिऱ्हाइकांचे पत्ते आहेत. पंचवटीतल्या घरांपासून सुरुवात करून ज्यांच्या निगेटिव्ह त्यांना विचारायचं चाललं आहे.