१९५७ चे नायक: क्रमवारी लागली ती चालीवरून

मंडळी, १९५७ च्या नायकांच्या क्रमवारीची वही आता मिटायच्या बेतात आहे. गणपतीत सुरुवात केली होती, संक्रांत आली. यादीत २७ चित्रपट होते, त्यातले २४ बघून झाले आणि पहिल्या दहातला प्रत्येक मी किमान दोनदा बघितला. एका वर्षाला इतके दिवस मी याआधी कधी दिले नव्हते. पण हे वर्षच तसं आहे. एकाच वर्षात 'प्यासा'तला गुरुदत्तचा कवी विजय, बर्गमनचे दोन नायक, कुरोसावाचा मॅकबेथ, क्युब्रिकचा कर्नल डॅक्स आणि ल्युमेटचा आठ नंबरचा ज्यूरर. यातल्या कुणालाही खाली ढकलताना हात जड होतो.

नियम मागच्या वर्षाचेच ठेवले. चित्रपट आपापल्या देशात त्या वर्षी लागलेला हवा. आणि मुख्य भूमिका म्हणजे तो माणूस काढला तर गोष्ट उभीच राहत नाही, अशी. त्यामुळे 'मदर इंडिया'तला सुनील दत्तचा बिरजू सहायक भूमिकांच्या यादीत गेला, कारण तो चित्रपट पहिल्या फ्रेमपासून नर्गिसचा आहे. हृषीकेश मुखर्जींचा पहिला चित्रपट 'मुसाफिर' याच वर्षीचा. त्यात दिलीपकुमार स्वतःच्या आवाजात लताबरोबर गायला आहे, पण तीन कथांपैकी फक्त तिसरी त्याची. तोही बाजूला ठेवला.

नोव्हेंबरात मी पार अडकले होते. पहिले पाच दर आठवड्याला बदलायचे. संवाद कानावर पडले की मी पटकथेच्या प्रेमात पडायची आणि मार्क मात्र नटाला द्यायची. मग एका दुपारी 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' दुसऱ्यांदा लावला होता. आईला तिथेच सोफ्यावर डुलकी लागली, म्हणून आवाज पूर्ण बंद केला. जपान्यांच्या कैदेतल्या ब्रिटिश कर्नल निकल्सनला पत्र्याच्या तापलेल्या खोलीतून बाहेर काढून कमांडंटकडे नेतात तो प्रसंग चालू होता. अॅलेक गिनेस चालायला लागतो. पाठ ताठ, हनुवटी वर, पण पाय त्याचं ऐकत नाहीत. गुडघा वाकायचा तिथे वाकत नाही, पाऊल टाकल्यावर क्षणभर अंदाज घेतं आणि मगच वजन पेलतं. आईला जाग आली होती. चित्रपट कुठला, हा माणूस कोण, तिला काही माहीत नाही. ती म्हणाली, "हा मोठ्या आजारातून उठलाय ना गं? पाय बघ कसे टाकतोय."

मी अवाक झाले. कारण ही चाल गिनेसने उचलली होती ती स्वतःच्या मुलाची. पोलिओतून उठून तो पुन्हा चालायला लागला होता, तेव्हाची. आईने माझ्या मामाला तान्ह्या वयातल्या दुखण्यानंतर पुन्हा उभं राहताना पाहिलंय, तिला ते एका नजरेत कळलं. तेव्हाच ठरवलं की सगळे दावेदार एकदा आवाज बंद करून बघायचे आणि फक्त चाल बघायची. तोंडाने काय बोलायचं हे लेखक लिहून देतो. पाय कसे टाकायचे हे मात्र बहुतेक वेळा नटालाच शोधावं लागतं.

गिनेसला त्या वर्षीचं ऑस्कर मिळालं आणि ते योग्यच झालं. आवाजाशिवाय बघितलं की आणखी एक गोष्ट लक्षात येते. पूल उभा राहत जातो तशी निकल्सनची चाल सुधारत जाते. त्या पुलाने तो माणूस बरा होतो. शत्रूसाठी बांधलेल्या पुलाने! म्हणूनच शेवटी आपण काय करून बसलो हे उमगून तो लडखडतो, तेव्हा पोटात खड्डा पडतो. पत्र्याच्या खोलीबाहेरची ती जुनी चाल परत आलेली असते. सिलोनमधल्या कितुलगळच्या जंगलात उभारलेला तो लाकडी पूल खराखुरा उडवला, त्याचं कौतुक सगळे करतात. मला मात्र पुलाआधी कोसळणारा माणूस जास्त दिसतो.

मग 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' लावला. इथे तर चाल हाच पुरावा आहे! ९६ मिनिटांचा चित्रपट, खुनाच्या खटल्यातले बारा ज्यूरर निकाल ठरवायला बसलेले, बहुतेक सगळा एका खोलीत, ल्युमेटचा पहिलाच. अर्धांगाने पाय ओढत चालणारा म्हातारा साक्षीदार १५ सेकंदांत दारापर्यंत पोचला, असं सांगतो. हेन्री फोंडा खुर्च्या सरकवून अंतर आखतो आणि पाय ओढत स्वतः चालून दाखवतो. लागतात ४१ सेकंद. इथे फोंडाने काय संयम ठेवलाय बघा. तो म्हाताऱ्याची नक्कल करत नाही. आर्किटेक्ट माणूस दुसऱ्याच्या चालीचं माप घेतोय, इतकंच ठेवतो. जरा जास्त केलं असतं तर खोलीतल्या उरलेल्या अकरांचा, आणि आपलाही, विश्वास उडाला असता. 'एक रुका हुआ फैसला' पाठ असलेल्यांनी मूळ चित्रपटातला हा तुकडा जरूर शेजारी ठेवून बघा. एवढं असून फोंडाला अभिनयासाठी ऑस्करचं नामांकनसुद्धा नव्हतं. कर्क डग्लसलाही नव्हतं.

डग्लसबद्दल माझं मत या खेपेला वर गेलं. 'पाथ्स ऑफ ग्लोरी'त हल्ल्याआधी डॅक्स खंदकातून चालत जातो आणि कॅमेरा त्याच्यासमोर मागे मागे सरकत राहतो. दोन्ही बाजूंना अंग चोरून उभे सैनिक. या माणसांना आपण मरायला नेतोय हे त्याला ठाऊक आहे. वेग एकदाही बदलत नाही, मान एकदाही खाली जात नाही. फक्त नजर दोन्ही भिंतींवरून फिरते. नंतर कोर्ट मार्शलमध्ये तो गरजतो, ते चांगलंच आहे, पण गरजणारा डग्लस आपण इतरत्रही पाहिलाय. खंदकातला डग्लस फक्त इथेच आहे.

आता 'प्यासा'. यावर मी तीन रविवार घालवलेत आणि अजून समाधान नाही. चित्रपट सुरू होतो तोच दुसऱ्याच्या पावलाने: विजय गवतावर पडून भुंगा बघतोय आणि कुणाचा तरी बूट येऊन त्याला चिरडतो. पुढे अडीच तास हा माणूस अशा बुटांच्या जगात चालतो. भूमिका आधी दिलीपकुमारला देऊ केली होती हे आपल्याला माहीत आहे. त्याने केली असती तर अभिनय कदाचित जास्त घोटीव झाला असता. पण 'जिन्हें नाज़ है हिंद पर'मधली ती गल्ली आवाज बंद करून बघा. रफीचा आवाज गेला, साहिरचे शब्द गेले, बर्मनदा गेले. उरतो छायाचित्रकार मूर्तींचा उजेड-अंधार आणि भिंतीच्या आधाराने पुढे सरकणारा गुरुदत्त. पडद्यावरचा दारुडा हमखास करतो तसा हा झुलत नाही. त्याचे खांदे पुढे जातात आणि पाय मागे राहतात, जणू त्याला तिथून पळायचंही आहे आणि बघायचंही आहे. आणि नंतर सभागृहाच्या दारात, पाठीमागून उजेड घेऊन, हात पसरून उभा राहतो तेव्हा तो चालायचा पूर्ण थांबलेला असतो. आख्ख्या चित्रपटात त्याने धरलेली ती पहिली खरी जागा. त्याच्या नट म्हणून मर्यादा मला दिसतात. जवळच्या क्लोजअपमध्ये काही ठिकाणी चेहरा नुसताच उदास राहतो. तरीही तिसऱ्या क्रमांकाच्या खाली त्याला नेणं मला जमत नाही.

चौथा तोशिरो मिफुने, 'थ्रोन ऑफ ब्लड', म्हणजे कुरोसावाचा तो मॅकबेथ. या एकाच चित्रपटासाठी आवाज बंद ठेवायचा नियम मोडला, कारण त्याची बायको झालेल्या इसुझु यामादाच्या रेशमी वस्त्राची सळसळ ऐकली नाही तर मिफुनेला भीती कशाची वाटते तेच कळत नाही. ती जपानच्या पारंपरिक नोह नाट्यातल्यासारखी जमिनीला पाय घासत चालते, आणि हा रानातल्या जनावरासारखा खोलीभर येरझाऱ्या घालतो. खून करून परततो तेव्हा भाला हातात तसाच रुतलेला, बोटं उघडतच नाहीत. तीच तो काढून घेते. शेवटच्या प्रसंगात खरे तिरंदाज खरे बाण सोडत होते. मिफुनेच्या डोळ्यांतलं ते काही अंशी अभिनय नव्हेच, असं कुणी म्हणेल. मी म्हणते, बाण सुटत असताना लाकडी सज्जावर नेमक्या जागी धावत राहणं हा अभिनयच आहे.

दिलीपकुमार सातवा. 'नया दौर'साठी त्याला ओळीने तिसऱ्या वर्षी फिल्मफेअर मिळालं होतं आणि माझ्या धाकट्या मामाला हा सातवा नंबर अजिबात मान्य नाही. टांगेवाला शंकर रस्त्यावर उभा राहतो तेव्हा घोड्याची ओढ त्याच्या मनगटात दिसते, हे मामाचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. नाचतानाही तो जत्रेत नाचणाऱ्या गावकऱ्यासारखाच नाचतो. पण उत्तरार्धात रस्ता आणि शर्यत चित्रपटाचा ताबा घेतात. तिथे शंकर माणूस कमी आणि बाजू जास्त होतो. मामा, क्रमांक बदलणार नाही.

आठवा टोनी कर्टिस, 'स्वीट स्मेल ऑफ सक्सेस'. लोक बर्ट लँकेस्टरचं नाव आधी घेतात, पण लँकेस्टर तिथे देवळातल्या मूर्तीसारखा बसून असतो. पळापळ करतो तो कर्टिसचा सिडनी फाल्को. तोही न्यूयॉर्कच्या थंडीत ओव्हरकोटाशिवाय, कारण कोट घातला की प्रत्येक हॉटेलात तो सांभाळणाऱ्याला टिप द्यावी लागते. त्या एका कारणावरून कर्टिसने आख्खी चाल उभी केलीय: खांदे आवळलेले, पावलं छोटी, नजर सतत पुढच्या दाराकडे. नववा अँडी ग्रिफिथ, 'अ फेस इन द क्राउड'. पहिल्याच चित्रपटात इतका धोकादायक वाटणारा नट मी दुसरा पाहिला नाही. दहावा चार्ल्स लॉटन. 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन' वर्षाच्या अगदी शेवटी लागला, ऑस्करने तो १९५७ चा धरला, मीही धरला. लॉटन इथे फारसा चालतच नाही, जिन्याच्या विजेच्या खुर्चीवरून वरखाली जातो आणि एकाक्षी चष्म्याचा कवडसा लोकांच्या तोंडावर पाडतो.

अकरावे शांतारामबापू. 'दो आँखें बारह हाथ' हा माझ्या घरचा चित्रपट आहे. गोष्ट आली ती औंध संस्थानातल्या, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून, आणि ती लिहिली त्याच माणदेशच्या गदिमांनी. बैलाशी झुंजताना बापूंच्या डोळ्याला इजा झाली, बर्लिनच्या महोत्सवात चांदीचं अस्वल मिळालं, हे सगळं खरं. पण दिग्दर्शक बापू आणि नट बापू यांची सरमिसळ करायची नाही, हे मी स्वतःला बजावलं. जेलर आदिनाथची चाल मूकपटाच्या काळातली आहे, प्रत्येक पाऊल लांबच्या प्रेक्षकासाठी टाकलेलं. त्यांचे डोळे मात्र पहिल्या पाचात येतील असे आहेत.

एक वेगळी नोंद. तेलुगू 'मायाबझार'मधले घटोत्कच झालेले एस. व्ही. रंगाराव मुख्य भूमिकेत धरावेत का, यावर आपल्यात वाद होणार. मी नाही धरले. पण घटोत्कच शशिरेखेचं रूप घेतो तेव्हा सावित्री रंगारावांच्या चालीने चालते आणि पोरंसोरंसुद्धा क्षणात ओळखतात की आत कोण आहे. ज्या नटाची चाल दुसऱ्या नटीच्या अंगावर चढवता येते, त्याच्याबद्दल आणखी काय बोलायचं?

आणि पहिला. व्हिक्टर शोस्ट्रोम, बर्गमनचा 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'. वय ७८, मूकपटांच्या जमान्यातला मोठा दिग्दर्शक, आणि ही त्याची शेवटची भूमिका. डॉक्टर इसाक बोर्ग मानाची पदवी घ्यायला गाडीने लुंडला निघतो. वाटेत पेट्रोल पंपावर थांबतात. पंपवाला तरुण आहे मॅक्स फॉन सिडो, म्हणजे त्याच वर्षीच्या 'द सेव्हन्थ सील'चा सरदार, तिशीही न गाठलेला. तो आणि त्याची बायको डॉक्टरांचे पैसे घेत नाहीत, होणाऱ्या बाळाला त्यांचं नाव देऊ म्हणतात. शोस्ट्रोम गाडीकडे वळतो, दोन पावलं टाकतो आणि पुटपुटतो की आपण इथेच राहायला हवं होतं. तेवढी दोन पावलं मी सात वेळा मागे नेऊन बघितली. पहिलं पाऊल नावाजलेल्या डॉक्टरचं आहे. दुसरं पाऊल पडता पडता अडतं, आणि त्या अडण्यात चाळीस वर्षं आहेत. सिडोला मी तेरावा ठेवलाय आणि याच चौकटीमुळे मला ते पटलं. तो शेजारी उभा आहे, उमदा, देखणा, आणि आपली नजर त्याच्याकडे जातच नाही.

गिनेस दुसरा. यात मी बरेच दिवस डगमगत होते. गिनेसची चाल शोधून, घडवून आणलेली आहे आणि तरी खरी आहे. शोस्ट्रोमची शोधलेली वाटतच नाही.

राहिलेले तीन: मास्त्रोयानीचा 'व्हाइट नाइट्स', प्रिंट हाती आली ती इतकी काळी की पाय दिसेनात, राज कपूरचा 'शारदा', आणि उत्तमकुमारचा 'हारानो सुर', ज्याची धड सबटायटल्स मला अजून मिळालेली नाहीत. कुणाकडे असतील तर सांगा, बंगाली मला जेमतेम कळतं. उत्तमकुमारची चाल ऐकून माहीत आहे, बघून नाही. हे तीन झाले की १९५८ उघडणार, आणि तिथे पहिल्याच पानावर 'जलसाघर'चे छबि विश्वास आहेत.