कॅप्टन की साधा शिपाई?

माझ्या भाचीचे सासर अमेरिकेतील व्हर्जिनियाचे. तिच्या सासऱ्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते की त्यांचा एक पूर्वज ब्रिटिश वसाहतीच्या काळात ऑगस्टा काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) मिलिशियात कॅप्टन होता आणि त्या सेवेबद्दल त्याला तीन हजार एकर जमीन मिळाली. ‘‘मामा, तुम्ही आयुष्यभर जुनी दप्तरे चाळलीत, एवढे पाहून द्या,’’ असा भाचीचा फोन आला आणि सोलापुरात बसून मी कधीही न पाहिलेल्या त्या वसाहतीच्या पश्चिम सीमेवरची कागदपत्रे संगणकावर वाचू लागलो.

प्रथम एक घोळ सोडवावा लागला. ९ जुलै १७५५ रोजी मोनोंगाहेला नदीजवळ फ्रेंच आणि त्यांच्या मूलनिवासी साथीदारांनी ब्रिटिश जनरल ब्रॅडॉकच्या फौजेचा पराभव केला आणि ब्लू रिज डोंगररांगेपलीकडची वस्ती उघडी पडली. त्यानंतर सीमेवर दोन प्रकारचे लोक लढत होते : वसाहतीची पगारी रेजिमेंट, जिचे नेतृत्व २३ वर्षांच्या जॉर्ज वॉशिंग्टनकडे आले, आणि मिलिशिया, म्हणजे हाक येताच नांगर सोडून बंदूक उचलणारे गावकरी. १७५७ च्या कायद्याने १८ ते ६० या वयाच्या बहुतेक स्वतंत्र गोऱ्या पुरुषांना मिलिशियात नाव नोंदवणे बंधनकारक होते. त्यामुळे ‘मिलिशियात होता’ यात विशेष असे काही नाही, विशेष असेल तर प्रत्यक्ष बोलावणे येण्यात.

बोलावल्याचा पुरावा मात्र पैशांच्या हिशेबात सापडतो. सप्टेंबर १७५८ च्या एका कायद्याला जोडलेल्या यादीत काउंटीनिहाय मिलिशियाच्या माणसांची नावे आणि त्यांना देय पौंड-शिलिंग-पेन्स आहेत. शिधा पुरवणाऱ्यांचीही नोंद तिथेच आहे. पूर्वज तिथे भेटला, पण काही शिलिंगांचा धनी म्हणून, नावापुढे कोणताही हुद्दा नसताना. मिलिशियाचे अधिकारी काउंटीच्या न्यायालयात शपथ घेत, म्हणून तिथल्या आदेशवह्यांचे छापील गोषवारेही पाहिले. त्या नावाची शपथ आढळली नाही.

जमिनीची कथा यापेक्षाही कच्ची निघाली. ७ ऑक्टोबर १७६३ च्या राजघोषणेत कॅप्टनला ३००० एकर आणि साध्या शिपायाला ५० एकर देऊ केले होते खरे, परंतु ती तरतूद सैन्यात नोकरी केलेल्यांसाठी होती, मिलिशियासाठी नव्हे. बहुधा कोणीतरी हा ३००० चा आकडा वाचला आणि त्याला साजेसा हुद्दा पूर्वजाला चिकटवला.

तारखांनीही छळले. १७५२ पर्यंत तिथे वर्ष २५ मार्चला सुरू होई, आणि त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. मराठी दप्तरांतले, मृग नक्षत्राला वर्ष बदलणारे सुहूर सन ज्याने हाताळले आहे त्याला यात नवल वाटत नाही, तरी फेब्रुवारी १७४८ ची एक नोंद मी आधी वर्षभर मागे लावली होती.

सासऱ्यांनी निष्कर्ष शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, ‘‘मग तुमच्याकडचे काय?’’ आमच्या घरी सांगतात की मे १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने सोलापूरचा भुईकोट घेतला तेव्हा आमचा खापरपणजोबा आत जमादार होता. त्या काळातला मोडी कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, माळ्यावर आहे. तो मी अजून सोडलेला नाही.