गगनबावडा, धुकं आणि डायनामोनं दिलेला दगा

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी गगनबावड्याला जाऊन आलो. कोल्हापुरातून पंचावन्नेक किलोमीटर, फुलेवाडी नाका सोडला की बालिंगा, कळे, साळवण, असळज असा सरळ रस्ता, त्यामुळं तयारी काय करायची असते, भजी खायची आणि परत यायचं. गाडी आमची जुनी डिझेल, सेन्सरबिन्सर नसलेली, वडापवाले (शेअर जीपवाले) पळवतात तसली. सोबत बायको, पोरगी आणि मेहुणा.

आठवडाभर आधीपासून सकाळी सेल्फ जड फिरत होता. मी काय केलं, तर सरळ नवीन बॅटरी घातली, जुनी एक्सचेंजमध्ये देऊन टाकली आणि विषय संपला म्हणून मोकळा झालो. बॅटरीवाल्यानंही चार्जिंग चेक केलं नाही आणि मीही सांगितलं नाही, म्हणजे चूक माझीच.

जाताना मांडुकलीजवळ रस्त्याला थोडं पाणी होतं, जोरात पाऊस झाला की तिथं रस्ताच बंद होतो, तेव्हा निघायच्या आधी चौकशी करूनच निघा. असळजच्या पुढं धुकं एवढं की समोरची एसटी आवाजावरून ओळखायची. लाईट चालू, वायपर चालू, काचेवर वाफ धरते म्हणून ब्लोअर फुल आणि पोरीची गाणी. तेवढ्यात वायपर दमल्यासारखे फिरायला लागले, हॉर्न सर्दी झाल्यासारखा. मला वाटलं पाऊसच जास्त आहे, काय सांगायचं आता.

गगनबावड्यात गाडी बंद केली, भजी झाली, भाजलेलं कणीस झालं, आणि परत चावी मारली तर नुसतं टक टक टक. नवी कोरी बॅटरी! मी बॅटरीवाल्याला शिव्या द्यायच्या तयारीत, तोवर शेजारी उभा असलेला एक वडापवाला आला आणि त्यानं एकच विचारलं, "दादा, चावी ऑन केल्यावर बॅटरीची लाल लाईट लागती का?" बघितलं तर नाही. ऑइलची लागली, बॅटरीची नाहीच. मी इतके दिवस लाईट लागत नाही म्हणजे सगळं ओके असं धरून चाललो होतो. तर तसं नसतं. चावी ऑन आणि इंजिन बंद असताना ती लागलीच पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझली पाहिजे. आधीपासूनच लागत नसेल तर एकतर बल्ब गेलेला किंवा डायनामोच्या, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या, आतलं सर्किट तुटलेलं, कारण त्या बल्बमधूनच डायनामोला सुरुवातीचा करंट जातो. (अल्टरनेटर म्हणायला पाहिजे, पण आमच्याकडं सगळे डायनामोच म्हणतात.)

उतारावर चार जणांनी धक्का दिला, सेकंड गिअरला क्लच सोडला, गाडी चालू. वडापवाला म्हणाला, आता कोल्हापूर येईपर्यंत इंजिन बंद करू नका आणि अंधारात अडकू नका.

इथं जरा हिशोब सांगतो, कारण असं अडकल्यावर हाच कामाला येतो. दोन हेडलाईट म्हणजे साधारण दहा अँपिअर, ब्लोअर फुलवर जवळपास तेवढाच, वायपर चार-पाच. डायनामो मेलेला असेल तर हे सगळं बॅटरीतून जातं, आणि तीही अर्धी रिकामी झालेली असली तर तास-दीड तासात खेळ खल्लास. जुन्या डिझेलला चालू राहायला फक्त डिझेल पंपावरच्या सोलेनॉइडला (डिझेल सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हला) थोडा करंट लागतो, म्हणून आम्ही निघायचं धाडस केलं, ब्लोअर बंद, गाणी बंद, मोबाईल चार्जिंग बंद, काच मेहुण्यानं फडक्यानं पुसायची. नवीन कॉमन रेल डिझेल किंवा पेट्रोल इंजेक्शनवाली गाडी असेल तर हे करू नका, व्होल्टेज पडलं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि फ्युएल पंप हात वर करतात आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते.

साडेचारला निघालो म्हणून उजेडात कळ्याला पोचलो. तिथं एका वायरमनच्या टपरीवर इंजिन चालू ठेवूनच मीटर लावला, बॅटरीवर ११.८ व्होल्ट. चार्जिंग होत असतं तर १३.८ ते १४.५ च्या आसपास दिसायला पाहिजे. मग त्यानं डायनामोच्या मागच्या जाड वायरच्या नटावर मीटर धरला, तिथंही ११.८. तिथं जास्त आणि बॅटरीवर कमी आलं असतं तर वायर, फ्यूज नाहीतर टर्मिनलची भानगड, दोन्हीकडं सारखंच कमी म्हणजे डायनामोच काही तयार करत नाही. बेल्ट अंगठ्यानं दाबून बघायला मात्र त्यानं इंजिन बंद करायला लावलं (चालू इंजिनच्या बेल्टला हात लावू नका बाबांनो), बेल्ट घट्ट होता. परत धक्का! पोरगी खिडकीतून टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी बॅटरी चार्ज करून कोल्हापूरच्या उद्यमनगरात. तिथल्या डायनामो दुरुस्तीवाल्या मामांनी चावी ऑन करून स्क्रू ड्रायव्हर पुलीजवळ धरला, चिकटला नाही. आत करंट जात असेल तर रोटरचं (आतल्या फिरणाऱ्या भागाचं) चुंबक होतं आणि लोखंड ओढतं, म्हणजे इथं कार्बन (रोटरला करंट देणारे ब्रश) नाहीतर कटआउट (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर). डायनामो उघडला तर आत काळा चिखल. आमच्यासारख्या बऱ्याच जुन्या डिझेलला डायनामोच्या पाठीमागेच व्हॅक्यूम पंप असतो, त्याला इंजिनचं ऑइल जातं, त्याचं सील गेलं की ऑइल डायनामोत झिरपतं आणि कार्बनच्या भुकटीत मिसळून कार्बन जागेवरच चिकटून बसतात. कधी टेकतात, कधी नाही, म्हणूनच आठवडाभर कधी चार्जिंग व्हायचं, कधी नाही.

आणि तो व्हॅक्यूम पंप ब्रेक हलका लागावा म्हणून असतो. म्हणजे अशा गाडीत बेल्ट तुटला तर चार्जिंग जातंच, शिवाय दोन-तीनदा पाय मारल्यावर ब्रेक दगडासारखा होतो. गगनबावड्याच्या पुढं कोकणात उतरणाऱ्या करूळ घाटाच्या उतारावर हे झालं असतं तर, नको तो विचार. घाटात जाणार असाल तर बेल्टला भेगा आहेत का बघा आणि डायनामोच्या मागं ऑइल ओलं दिसतंय का तेही बघा.

सील, कार्बन, साफसफाई, बेअरिंगही बदललं. नंतर मीटरवर १४.२, हेडलाईट आणि ब्लोअर लावून १३.९. मी हुशारीनं बॅटरीची वायर काढून चार्जिंग बघूया का म्हटलं, तर मामा भडकलेच, चालू इंजिनवर वायर काढली की व्होल्टेज उसळतं आणि डायोड, कटआउट उडतात. पूर्वी लोक असं करायचे, तुम्ही करू नका. साधा मीटर घ्या, तीन-चारशेत मिळतो, गाडीतच टाकून ठेवा.

सगळा खर्च नव्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी आला. निघताना मामांनी विचारलं, जुनी बॅटरी कुठाय, बघू तरी. म्हटलं एक्सचेंजमध्ये दिली. ते काही बोलले नाहीत, नुसते हसले.