एक्सेलने खाल्लेला शून्य
शनिवारी सहज म्हणून कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) नकाशा करायला बसलो, म्हटलं काउंटीची हद्द, त्यावर दवाखाने, फायर स्टेशनं, शेजारच्या काउंट्यांशी थोडी तुलना, तासाभराचं काम. कसलं काय! अमेरिकेच्या सेन्सस ब्युरोच्या टायगर शेपफाइली (हद्दींच्या नकाशा-फाइली) फुकट मिळतात, त्या क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये लगेच उघडल्या, पण दवाखान्यांच्या आकड्यांची शीट काही केल्या जोडली जाईना. शीट नकाशाला जोडायची ती काउंटीच्या कोडवरून, आणि एक्सेलने ०६०८५ या कोडमधला पहिला शून्यच खाल्लेला. ०६ म्हणजे कॅलिफोर्निया, ०८५ म्हणजे सांता क्लारा, शून्य गेला की सगळंच गेलं. कॉलम टेक्स्ट करून शून्य परत लावायचा, बस, पण हे कळेपर्यंत चहा दोनदा थंड झाला.

मग फायर स्टेशनं गायब. त्या लेयरमधले जागांचे आकडे स्टेट प्लेन झोन ३ या मोजणीच्या पद्धतीतले, म्हणजे अक्षांश-रेखांश नाहीत, फुटात, लाखांतले, आणि ही पद्धत कुठली ते सांगणारी पीआरजे फाइल मीच झिपमधून काढायला विसरलो (हो, मीच), त्यामुळे ठिपके भलतीकडेच. त्या पद्धतीचा २२२७ हा कोड दिल्यावर मुकाट जागेवर आले.

सगळ्यात मजा शहरांच्या हद्दींची. काउंटीत शहरं १५, पण सॅन होजेच्या पोटात भोकं दिसतात, मला वाटलं डेटा फाटलाय. तर नाही, ते तुकडे कुठल्याच शहरात नाहीत, थेट काउंटीच्या ताब्यात!

आणि टायगरची हद्द पाण्यातही जाते बरं का, सॅन फ्रान्सिस्को तर पार समुद्रात घुसतं. नुसता दिसायला नकाशा हवा असेल तर सेन्सस ब्युरोच्याच कार्टोग्राफिक बाउंड्री फाइली घ्या, किनाऱ्याला कापलेल्या असतात.