अठ्ठावीस इंची हशा : चाकाचा आऊट निघाला, आत्याचं हसू राहिलं

रविवार, २८ सप्टेंबर

चाक मिळालं. दोन रविवार जुन्या बाजारात घालवले आणि वस्तू शेवटी आमच्याच जिन्याखाली सापडली. वडिलांच्या जेन्ट्स सायकलचं पुढचं चाक, अठ्ठावीस इंची, बत्तीस आऱ्यांचं. सायकल केव्हाच गेली, चाक मात्र भंगारवाल्याच्या हातून का कोण जाणे वाचलं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. अमेरिकन टीव्हीवर ज्याने डबाबंद हशाचा, म्हणजे आधी रेकॉर्ड करून मागून लावलेल्या हशाचा, धंदाच उभा केला, त्या चार्ल्स डग्लसचं पहिलं यंत्र मला घरी बनवायचं आहे. ‘लाफ बॉक्स’ म्हणून सगळ्यांना माहीत आहे ती पेटी नंतरची. त्या पेटीत टेपचे ३२ लूप, म्हणजे टोकाला टोक जोडलेली वेटोळी, होते, प्रत्येक लूपवर दहा, असे एकूण ३२० हशे. पुढे ऑर्गनसारख्या पट्ट्या, खाली पेडल आणि वर कुलूप. ती माझ्या आवाक्यातली नाही. तिच्या आधी, १९५३ च्या सुमारास, त्याने एक लाकडी चाक केलं होतं. व्यास २८ इंच, कडेवर गोल चिकटवलेली टेप, तिच्यावर हलकेफुलके हशे. कळ दाबली की चाक फिरायचं आणि पुढच्या खाचेशी येऊन थांबायचं. तेवढ्यात एक हसणं पुरं. माझ्याकडे माहिती एवढीच आहे, बाकीचं पदरचं घालणार.

डग्लस दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलासाठी रडारवर काम करायचा, मग सीबीएस या अमेरिकन वाहिनीत ध्वनी-तंत्रज्ञ झाला. तिथे त्याला रोज तोच वैताग. समोर बसलेले प्रेक्षक नको तिथे हसायचे, किंवा तोच विनोद तिसऱ्यांदा चित्रित होताना ढिम्म बसायचे. म्हणून हे चाक. नोकरी सोडताना कंपनीने ते ठेवून घेतलं, कारण बनवलं होतं कंपनीच्या वेळेत. पुढे काही महिन्यांच्या वापरात ते खिळखिळं होऊन मोडलं, असं वाचलंय. म्हणजे मूळ वस्तू उरलेली नाही आणि माझ्या चुका काढायला कुणी येणार नाही. हा छंद निवडण्यामागे हेही एक कारण आहे.

आकडे : रिमच्या खोबणीवरून सनमायकाची पट्टी गुंडाळल्यावर व्यास ६४ सेंमी भरतो, परिघ २०१. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंमी पळते, म्हणजे एका फेऱ्याला ४२ सेकंद. बत्तीस आरे, दर चौथ्या आऱ्याला एक खाच, म्हणजे आठ हशे आणि प्रत्येकाला सव्वापाच सेकंद. मोठ्या स्पूलच्या टेप रेकॉर्डरच्या सेकंदाला १९ सेंमी वेगाने हेच चाक साडेदहा सेकंदांत संपलं असतं. माझ्याकडे स्पूल मशीन नाही याचं पहिल्यांदाच बरं वाटलं.

सोमवार, ६ ऑक्टोबर, कोजागिरी

हशांची शेतं कुठे असतात? सोसायटीच्या गच्चीवर, मसाला दूध पोटात गेल्यावर. बाविसेक माणसं, दोन माइक, एक जुना टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र). तासभर रेकॉर्डिंग केलं आणि रात्री ऐकलं तर त्यातलं काहीही वापरता येईना.

हसणं भरपूर होतं, पण एकही हसणं निव्वळ हसणं नव्हतं. प्रत्येकाच्या पोटात शब्द. ‘अरे काय हे’, ‘थांब थांब, माझं ऐक’, ‘दूध सांडलं बघा’. विनोद करणारा स्वतःच्याच हशावर बोलत राहतो आणि ऐकणारे वाक्य पुरं व्हायच्या आत हसतात. आत्याचं हसणं तर नेहमी ‘आई गंऽऽ’ने संपतं. दुसऱ्या कुठल्या संवादामागे हे लावलं तर सगळं उघडं पडेल.

तेव्हा कुठे डग्लसची खरी हुशारी कळली. त्याच्या हशांतले पुष्कळसे रेड स्केल्टन या विनोदवीराच्या कार्यक्रमातल्या मूकाभिनयाच्या भागांतून घेतलेले होते. रंगमंचावर माणूस, तोंडातून अक्षर नाही, समोर हसणारे प्रेक्षक. माइकला हवा तसा निर्भेळ माल. हे वाक्य मी चार वर्षांपूर्वी वाचलं होतं आणि मजेशीर माहिती म्हणून सोडून दिलं होतं. ते कामाचं वाक्य आहे हे गच्चीवर तासभर वाया घालवल्यावर समजलं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

भाच्याला कामाला लावलं. त्याने दिवाणखान्यात मूकपणे तीन गोष्टी केल्या : फॅनला अडकलेला फुगा काढणे, गर्दीच्या पीएमटीत लटकणे आणि आजोबांसारखं वर्तमानपत्र घडी घालणे. (पीएमटीची पीएमपीएमएल होऊन किती वर्षं झाली, आमच्या घरात ती अजून पीएमटीच आहे.) प्रेक्षक नऊ, सगळ्यांना सक्त ताकीद की बोलायचं नाही. आत्याने तोंडाला पदर लावून ‘आई गं’ गिळलं. ते गिळणंही टेपवर आलंय, पण असो.

बावीस हशे मिळाले. त्यातले आठ निवडले : तीन खुसखुस, तीन मध्यम, एक गडगडाट, आणि एक असा की आधी एकच माणूस हसतो आणि मग बाकीच्यांना उमगतं. हा शेवटचा मला सगळ्यात आवडतो. सगळे एकदम हसले की टेप वाटते, कुणीतरी आधी हसलं की खोली वाटते.

शनिवार, ११ ऑक्टोबर

कापाकापी. कॅसेटची टेप ३.८१ मिमी रुंद, तिच्यावर पंचेचाळीस अंशांत ब्लेड चालवायचं म्हणजे शेवयांवर नक्षी काढण्यासारखं. सरळ काप घेतला तर सांधा हेडवरून, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावरून, जाताना ‘टक्’ करतो. तिरक्या कापाने तो आवाज पसरतो आणि बुजतो. माझा पूर्ण बुजला नाही.

असं काही करताना मला अमेरिकन ध्वनी-अभियंता जॅक मलिन आठवतो. युद्ध संपल्यावर जर्मनीतून टेप रेकॉर्डिंगची दोन मॅग्नेटोफोन यंत्रं सुटी करून अमेरिकेत आणणारा हाच. १९४७ पासून गायक बिंग क्रॉस्बीचा रेडिओ कार्यक्रम तो टेपवर घेऊ लागला. एकदा बॉब बर्न्स हा विनोदवीर पाहुणा म्हणून आला आणि त्याने शेतावरचे चावट किस्से सांगितले. प्रेक्षक लोटपोट, पण किस्से त्या काळच्या रेडिओवर जाण्यासारखे नव्हते. ते कापले. हशे मात्र टाकून न देता ठेवून दिले. काही आठवड्यांनी एक कार्यक्रम फिका निघाला, तेव्हा ते जपून ठेवलेले हशे त्यात जोडले. मलिनने स्वतःच हे सांगून ठेवलंय. म्हणजे सात्त्विक विनोदाला चावट विनोदाचं हसू लागलं, आणि घरी ऐकणाऱ्यांना पत्ता नाही. टीव्हीवर ही युक्ती १९५० मध्ये हँक मॅक्युनच्या कार्यक्रमात आली, तेव्हा डग्लसचं चाक जन्मालाही आलं नव्हतं. त्याने हसू डब्यात भरायचा शोध लावला नाही. ते वाजवण्याजोगं वाद्य त्याने बनवलं, आणि माझा सगळा खटाटोप त्या वाद्यासाठी आहे.

टेप चिकटवायला आधी पंक्चरचं सोल्यूशन वापरलं. वाळल्यावर बारीक गुठळ्या, प्रत्येक गुठळीला आवाज उडी मारतो. खरवडून काढलं, टेपचे दोन तुकडे फुकट. आता पातळ डबल टेप, चुंबकीय बाजू बाहेर. हेड टू-इन-वनमधलंच, स्प्रिंगने दाबून धरलंय. मिनिटाला ६० फेऱ्यांची गिअर मोटर आणि तिच्यावर १५ मिमीचा रबरी रोलर, म्हणजे कडेचा वेग बरोबर बसतो.

पहिल्यांदा वाजवलं. आत्या हसता हसता गुदमरते, सावरते, परत गुदमरते. प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी. चाकाला दोन मिमीचा आऊट, म्हणजे फिरताना ते तेवढं वाकडं चालतं.

रविवार, १९ ऑक्टोबर

चाक दुकानात. सायकलवाले दादा आऊट काढायला तयार, पण त्यांना टायर कुठाय ते कळेना. “ताई, नुसत्या रिमवर काय चालवणार?” मी म्हटलं, “आत्याला.” पुढे त्यांनी काही विचारलं नाही. दिवाळी झाल्यावर देतो म्हणाले.

चाक नाही, तेव्हा हातानेच काढायच्या आवाजांवर वेळ घालवला. आणि हातचा आवाज म्हटलं की आपल्या नगरच्या माणसाला टाळून चालत नाही. स्पाइक मिलिगन, १९१८ साली अहमदनगरच्या छावणीत जन्मलेला, शाळेत गेला तो पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये. वडील ब्रिटिश फौजेत. पुढे १९५१ ते १९६० बीबीसी रेडिओवर ‘द गून शो’ हा विनोदी कार्यक्रम त्याने मुख्यतः स्वतःच लिहून काढला आणि ध्वनी-विभागाच्या नाकी नऊ आणले. तोवर रेडिओत आवाजाचं काम बरंचसं कथेची सोय लावण्यापुरतं असायचं : दार उघडलं, पावलं वाजली, कप ठेवला. मिलिगनने आवाजालाच विनोद सांगायला लावलं. पावलं पळत लांब जातात, लांबच जात राहतात, इतकी की ऐकणाऱ्याला त्या लांबीचंच हसू येतं. काही आवाज तबकड्यांवरून, काही स्टुडिओत समोरासमोर, आणि पुढे टेपवर उलटसुलट करून.

त्याचा मोजा आणि कस्टर्डचा किस्सा या छंदातल्या प्रत्येकाने ऐकलेला असतो. पायमोज्यात कस्टर्ड भरून आपटल्याचा आवाज हवा होता, म्हणून त्याने कँटीनमधून कस्टर्ड करून घेतलं, स्वतःचे मोजे काढले, भरले आणि आपटले. आवाज जमला नाही, असं सांगतात.

मी करून पाहिलं. कस्टर्ड नव्हतं, घरी चक्का होता. खरंच जमत नाही. मोज्यातला चक्का मोज्यातल्या चक्क्यासारखाच वाजतो, म्हणजे ‘धप्’, आणि त्यात काही गंमत नाही. कणकेचा गोळा परातीत : बरा, पण स्वयंपाकघर ऐकू येतं. जमलं ते ओलं फडकं मोझॅकच्या फरशीवर, त्याच क्षणी तोंडाने बारीक ‘पच्’, आणि दोन्ही मिळून थोडं कमी वेगात वाजवलेलं. स्प्रिंगच्या ‘बोंइंग’ला राजस्थानी मोरचंग पुरतो, कार्टूनवाल्यांचा आवाजही त्याच जातीच्या वाद्याचा. मोरचंग दातांना लावताना जपून, मी जपलं नाही.

याच गून शोसाठी बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपने, म्हणजे १९५८ मध्ये लंडनमधल्या मेडा व्हेल स्टुडिओच्या १३ नंबरच्या खोलीत सुरू झालेल्या त्या प्रयोगशाळेने, मेजर ब्लडनॉक या पात्राच्या पोटातला हलकल्लोळ बनवला होता. पुढे ज्या खोलीतून परग्रहांचे आवाज निघाले, तिथल्या सुरुवातीच्या कामांत एका म्हाताऱ्या मेजरचं अपचन होतं. ज्यांना जुने आवाज हवे असतील त्यांनी बीबीसीचं खुलं केलेलं ध्वनिसंग्रहालय चाळा. २०१८ मध्ये सोळा हजार होते, आता तेहतीस हजारांवर गेलेत. घरगुती प्रयोगाला आणि अभ्यासाला मोकळे आहेत.

रविवार, २ नोव्हेंबर

चाक आलं. आऊट अर्ध्या मिमीच्या आत, दादांचे हात सोन्याचे. आत्या आता मोकळेपणी हसते.

चाचणीसाठी मजकूर हवा होता ज्यात विनोदाचा लवलेश नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त सापडलं. भाच्याने गंभीर आवाजात वाचलं, मी कळीवर बसले.

आणि यंत्राचा खरा दोष दिसला. कळ दाबली की रोलर आधी जरा घसरतो, मग चाक पकड घेतं. अर्धा सेकंद जातो आणि हसण्याचं तोंड ‘उंऽऽह्’ असं खालच्या सुरातून वर चढतं. उपाय म्हणून चाक सतत फिरतं ठेवलं आणि फक्त आवाज बंद-चालू केला. सूर सुधारला, पण आता पुढच्या हशाचं तोंड येईपर्यंत थांबावं लागतं, वाईट नशीब असलं तर पाच सेकंद. ‘टाकीची गळती दुरुस्त करण्यात आली’ यानंतर पाच सेकंदांनी गडगडाट म्हणजे कुणीतरी टाकीत पडलं असंच वाटतं.

शेवटी पहिल्या पद्धतीवर परतले. प्रत्येक हशाच्या आधी अर्ध्या सेकंदाची कोरी टेप जोडली आणि कळ अर्धा सेकंद आधी दाबायला शिकले. म्हणजे वाक्य संपायच्या आत मला ठरवावं लागतं की हे हसू येण्यासारखं आहे, आणि किती. तबलजी समेच्या आधीच समेवर पोचलेला असतो, तसं. तिसऱ्या वाचनाला ‘लिफ्टचा विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले’ यावर खुसखुस अशी चपखल बसली की भाचा वाचताना स्वतःच हसला. ते वाक्य मागच्या तीन इतिवृत्तांत आहे.

उलटंही करून पाहिलं. दिवंगत सभासदांना श्रद्धांजलीच्या ठरावावर मध्यम हसू दाबलं. खोलीतलं कुणीच हसलं नाही, मलाच मेल्यासारखं झालं. युद्धातल्या इस्पितळावरच्या ‘मॅश’ या विनोदी मालिकेच्या निर्मात्यांनी वाहिनीशी भांडून शस्त्रक्रियेच्या प्रसंगांतला हशा काढून घेतला होता, तो का, हे बोटाला कळलं. ब्रिटनमध्ये बीबीसीने ती मालिका हशाशिवायच दाखवली.

पेडल अजून लावायचं आहे. शिलाई मशीनच्या मोटारीचं जुनं पेडल आतून पूर्ण रिकामं केलंय, २३० व्होल्टची एकही तार ठेवली नाही, आवाज हळूहळू कमी-जास्त करायला त्यात १० के चा पोटेन्शिओमीटर बसवणार. त्याशिवाय हसणं संपवता येत नाही. आत्ता प्रत्येक हसू सव्वापाच सेकंदांनी दार आपटल्यासारखं बंद होतं, आणि सुरुवातीपेक्षा मला हा शेवट जास्त टोचतोय.

रविवार, ९ नोव्हेंबर

आत्या आली होती. चाक फिरवून दाखवलं, क्रमांक सहा, तिचंच हसणं, पदराआडचं. तिने लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, “बाकीचे ठीक आहेत गं, पण ही बाई फार खोटं हसते. हिला काढ.”

काढलेलं नाही. सांध्याची ‘टक्’ मात्र पाच आणि सहाच्या मध्ये अजून ऐकू येते, आणि टू-इन-वनचं स्टीरिओ हेड पट्टीवर नीट बसत नाही. कुणाकडे जुन्या मोनो कॅसेट रेकॉर्डरचं हेड पडून असेल तर मला हवंय. बदल्यात मोरचंग देईन.