प्रोसेसर निवडताना अर्थिंगने खाल्लेले ७१ दिवस

घरच्या थिएटरसाठी सराउंड प्रोसेसर निवडायला मला साडेचार महिने लागले. त्यातले ७१ दिवस एका हमिंगमध्ये, म्हणजे स्पीकरमधून सतत येणाऱ्या घूंघूं आवाजात, आणि एका फॉर्ममध्ये गेले. त्या फॉर्मची झेरॉक्स अजून माझ्या खणात आहे आणि खण उघडला की डोकं तापतं. लातूर, नांदेड, परभणीकडचं कुणी या वाटेला लागलं असेल, तर त्याचे तरी एवढे दिवस वाचावेत म्हणून लिहितोय.

प्रोसेसर म्हणजे प्री-प्रो. त्यात पॉवर अँप, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा भाग, नसतो. सिनेमाचा आवाज उलगडायचा, कोणता आवाज कोणत्या स्पीकरला जाणार ते ठरवायचं, बास वेगळा काढून सबवूफरकडे पाठवायचा, खोलीप्रमाणे आवाजाची दुरुस्ती करायची आणि व्हॉल्यूम सांभाळायचा, एवढं त्याचं काम. रिसीव्हरमध्ये हे सगळं आणि अँप एकाच डब्यात असतं. माझ्याकडे २०११ साली घेतलेला रिसीव्हर होता आणि त्याच्या प्री-आउटला, म्हणजे बाहेरच्या अँपसाठीच्या जोडणीला, जोडलेला पाच चॅनलचा वेगळा पॉवर अँप. अँप आजही ठणठणीत आहे. रिसीव्हर मात्र आवाज डोक्यावरूनही आणणाऱ्या डॉल्बी अ‍ॅटमॉसच्या आधीचा. अ‍ॅटमॉस थिएटरात २०१२ ला आलं आणि घरच्या यंत्रांत २०१४ पासून. म्हणून ठरवलं, अँप ठेवायचा, मेंदू बदलायचा.

चॅनल किती हवेत हे मी एका संध्याकाळी ठरवलं. गच्चीवरची खोली १८ बाय १२ फूट, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. पाठीमागे स्पीकर लावायला जागाच नाही, मग ७.१.४ चा हट्ट कशाला? ५.१.४ पक्कं केलं, म्हणजे भोवती पाच स्पीकर, एक सबवूफर आणि वर चार; सबवूफर सोडून नऊ चॅनल. यादीत शेवटी दोनच नावं उरली: ११.२ आउटपुटचा मॅरँट्झ एव्ही७७०६ आणि १५.२ चा अँथम एव्हीएम ७०. अमेरिकेतल्या भाच्याने तिकडून आणून देतो म्हटलं होतं. नको म्हटलं. तिकडची यंत्रं १२० व्होल्टची, इथे २३०. ट्रान्सफॉर्मर लावा, आणि बिघडलं तर इथली वॉरंटी नाही.

आता खरा त्रास.

मला प्रोसेसर घरी ऐकून घ्यायचा होता. मराठवाड्यात ऐकवणारं कुणी सापडलं नाही, म्हणून पुण्याच्या एका डीलरकडून डेमोचं यंत्र डिपॉझिट भरून आणलं. डिपॉझिट लहान नव्हतं. आणण्याआधी मी त्याला फोनवर स्पष्ट सांगितलं की माझ्या जुन्या सेटला स्पीकरमधून सतत बारीक हमिंग येतं, रात्री शांत प्रसंगात ते ऐकू येतं आणि चीड येते. तो म्हणाला, "सर, काळजीच सोडा. याला एक्सएलआर आउटपुट आहेत. हमिंग जाणार." मी विश्वास ठेवला.

यंत्र आलं, जोडलं, आणि हमिंग जसंच्या तसं. एक्सएलआर वायरमध्ये एकच सिग्नल दोन तारांतून सुलट आणि उलट असा जातो. पलीकडचा अँप त्यांची वजाबाकी करतो आणि वाटेत दोन्ही तारांवर सारखाच चढलेला गोंगाट गळून पडतो. पण ही वजाबाकी करायला अँपलाही एक्सएलआर इनपुट लागतं. माझ्या अँपला फक्त आरसीए, म्हणजे एकाच तारेतून सिग्नल घेणारी साधी इनपुटं, आहेत. डीलरने सोबत दिलेल्या वायरी एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला आरसीए अशा होत्या. म्हणजे ज्यासाठी एक्सएलआर घ्यायचं, तेच त्यात नव्हतं. हे त्याला माहीत असायला हवं होतं. अँपच्या पाठीमागचा फोटो मी त्याला दोनदा पाठवला होता.

मी यंत्र परत घ्या म्हटलं. तेव्हा तो फॉर्म आला. "जागेची विद्युत तपासणी." त्यात अर्थचा रेझिस्टन्स ओहममध्ये, न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज, आणि खाली परवानाधारक कंत्राटदाराची सही आणि शिक्का. तो भरून आल्याशिवाय डिपॉझिट परत मिळणार नाही. यंत्रात दोष आहे की घरात, हे आधी ठरलं पाहिजे म्हणे.

गल्लीतल्या वायरमनकडे मल्टिमीटर होता, अर्थ टेस्टर नव्हता. अर्थ टेस्टर असलेला कंत्राटदार एकोणीस दिवसांनी आला. त्या एकोणीस दिवसांत वायरमनने उपाय सुचवला, "भाऊ, अँपच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकतो, आवाज लगेच जातोय बघा." आणि खरंच जातो, मला ते माहीत होतं. पण मी त्याला हात लावू दिला नाही. अँपमध्ये उद्या काही बिघडून त्याच्या लोखंडी पेटीवर २३० व्होल्ट आले, तर ते ज्या वाटेने जमिनीत जायचे ती वाटच त्या पिनेतून आहे. आमच्या खोलीत लहान पोरं येतात. हा उपाय कुणीही सुचवला तरी करू नका, एका रात्रीपुरताही नाही.

कंत्राटदाराने मोजलं. न्यूट्रल-अर्थ १४ व्होल्ट. तो म्हणाला, दोनतीनच्या आत पाहिजे. अंगणातला अर्थिंगचा खड्डा बघितला तर मीठ-कोळसा घालून किती वर्षं झाली कुणाला आठवेना, आणि मे महिन्यात आमच्याकडची जमीन भाकरीच्या तव्यासारखी झालेली. कोरड्या मातीतून वीज नीट जात नाही. म्हणून खड्डा नव्याने भरून त्यात रोज पाणी टाकायचं ठरलं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेल्या लातुरात रोज दोन बादल्या पाणी मातीत ओतायचं! आई दारात उभी राहून म्हणाली, "पानी कशाला ओतायलास रे मातीत?" तिचं चुकलं नव्हतं. मग मला आरओ फिल्टरमधून फेकलं जाणारं पाणी आठवलं. ते क्षारांचं असतं, प्यायला निरुपयोगी आणि खड्ड्याला उलट चांगलं. त्याची नळी मी खड्ड्याकडे वळवली. दोन आठवड्यांत १४ चे २ व्होल्ट झाले.

फॉर्म पाठवला. उत्तर आलं, शिक्का अस्पष्ट आहे. पुन्हा पाठवला. मग म्हणे आकडे दुरुस्तीनंतरचे आहेत, दुरुस्तीआधीचेही द्या. ते दिले. मग म्हणे त्या मोजणीची तारीख पंधरा दिवसांपेक्षा जुनी आहे. मी फोनवर ओरडलो नाही, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि हमिंग? कमी झालं होतं, संपलं नव्हतं.

मग एका रविवारी मी ठरवलं की आता कुणालाही बोलवायचं नाही. एकेक वायर काढत बसलो. व्हॉल्यूम वरखाली केला तर हमिंग तेवढंच राहत होतं, म्हणजे ते व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी शिरत होतं. अँपमधून सगळे आरसीए काढले, शांत. म्हणजे अँप चांगला. पुन्हा जोडले आणि प्रोसेसरच्या मागून एकेक सुटं करत गेलो. प्लेअर, नाही. प्रोजेक्टर, नाही. शेवटी केबल टीव्हीचा सेटटॉप बॉक्स. त्याची जाड केबल पिळून काढली आणि खोली एकदम रिकामी झाल्यासारखी शांत झाली. मी खुर्चीवर बसून राहिलो.

बॉक्स मी याआधी कितीतरी वेळा बंद करून पाहिला होता. इथेच मी फसलो. बॉक्स बंद केला तरी केबलची बाहेरची जाळी जोडलेलीच राहते. ती जाळी गल्ली ओलांडून दुसऱ्या कुणाच्या तरी घरात बसवलेल्या केबलवाल्याच्या अँप्लिफायरपर्यंत जाते, तिथे तिची वेगळी अर्थ. इकडे माझ्या अँपची तीन पिनांची अर्थ. दोन अर्थांत फरक असला की त्यांच्यामधून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरत राहतो, आणि त्या वाटेत माझा प्रोसेसर आणि आरसीएच्या वायरी बसलेल्या. अर्थिंगचा खड्डा सुधारल्यावर फरक कमी झाला, म्हणून हमिंगही कमी झालं. संपायला वाटच तोडावी लागली. केबलच्या मध्ये छोटा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (टीव्हीचा सिग्नल सोडतो, पण तारेची सलग जोडणी तोडतो) बसवला आणि वडिलांचं क्रिकेटही सुरू राहिलं. तुमच्याकडे डिश असेल तर हा आयसोलेटर चालणार नाही, कारण डिशच्या एलएनबीला (तिच्या तोंडाशी असलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला) वीज त्याच केबलमधून जाते आणि हा ती अडवतो.

म्हणजे दोष यंत्रात नव्हता. डीलरच्या मते तो जिंकला. माझ्या मते, हमिंगचं नाव पहिल्या फोनवर काढलं तेव्हा त्याने "केबल काढून बघा" एवढंच म्हटलं असतं तर ७१ दिवस वाचले असते. डिपॉझिट दोन हप्त्यांत परत आलं. प्रोसेसर मी त्याच्याकडून घेतला नाही.

घेतला तो अँथम, छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानातून. कारण खोलीप्रमाणे आवाजाची दुरुस्ती. आवाज सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो; त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने, म्हणजे ३६ ने भागलं की ३१ हर्ट्झ येतात. त्या खोल सुरावर माझी खोली नुसती घुमते. अँथमच्या एआरसी जेनेसिस या दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती कुठल्या हर्ट्झपर्यंत करायची ते मी संगणकावर आलेख बघत स्वतः ठरवतो. मॅरँट्झमधल्या ऑडिसी या तशाच सोयीला हेच करायला वेगळं विकतचं अ‍ॅप लागतं. मी फक्त खालचा बास दुरुस्त केला, वरचे आवाज स्पीकरवर सोडले.

तो घुमणारा बास मला नुसता आवाजासाठी खटकत नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आई औशाजवळ माहेरी होती. जुन्या सेटवर एकदा सबवूफरची चाचणी घेताना ती स्वयंपाकघरातून अनवाणी अंगणात धावली होती. त्या दिवसापासून ती घरात असताना मी बास दाबून ठेवत होतो. आता घुमणं गेलंय. तरी सबवूफरखाली जाड रबराचे पाय लावलेत, आणि रात्री मोठे आवाज दाबणारी सोय सुरू ठेवतो.

राहिलेलं एक: टीव्हीच्या अ‍ॅपमधून येणारं अ‍ॅटमॉस साध्या एआरसीवरूनही (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरने उलटा प्रोसेसरकडे आणणारी सोय, अँथमच्या एआरसीशी संबंध नाही) जातं, पण ब्लू-रेचा ट्रूएचडी, म्हणजे दर्जा न घटवलेला आवाज, टीव्हीमार्गे न्यायचा असेल तर ईएआरसी, म्हणजे त्याच सोयीची जास्त क्षमतेची आवृत्ती, लागतंच. माझा प्लेअर थेट प्रोसेसरला जोडलाय, त्यामुळे मला फरक पडला नाही. आणि रॅक भिंतीला चिकटवू नका. मागे माणूस उभा राहील एवढी जागा ठेवा. मी तो रविवार रॅक ओढण्यात अर्धा घालवला, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या खोलीत यंत्रालाही वारा लागतो.