पहिल्या सीडीवरचा सिनेमा

रविवार, रात्री साडेअकरा

'स्पायडर-मॅन 2' आज सलग बघितला. नावं पडतात तिथपासून अगदी शेवटपर्यंत, मध्ये न उठता. बाहेर ताळगावचा पाऊस धो धो कोसळत होता, वीज मात्र गेली नाही, देव पावला.

गोव्यात, डिचोलीच्या आमच्या घरात ह्या सिनेमाच्या दोन व्हीसीडी होत्या, हिंदीतल्या. दोन तास सात मिनिटांचा सिनेमा एका सीडीत मावत नसे. पहिलीवर ओरखडे इतके की चित्राचे चौकोन व्हायचे, आवाज अडकायचा, आणि धाकट्या चुलतभावाला धीर कसला तो नव्हताच. मग सरळ दुसरी लावायची. शाळा सुटली, दप्तर फेकलं, दुसरी सीडी. त्यामुळे आमच्या घरात ह्या सिनेमाचा उत्तरार्ध सगळ्यांना तोंडपाठ, आणि पूर्वार्ध कुणाला धड ठाऊक नाही. 2004 साली इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीला आली, तिथे नवं मल्टिप्लेक्स उभं राहिलं, पेपरात फोटो आले. आमच्यापर्यंत त्या साली निघालेला हा सिनेमा पोचला तो असा, प्लास्टिकच्या पाकिटातून.

तर आज पहिली सीडी बघितली म्हणायची. आणि सिनेमा तिथेच आहे, असं आता माझं ठाम मत झालंय.

पहिला पाऊण तास पीटरच्या, म्हणजे स्पायडर-मॅन झालेल्या त्या पोराच्या, हाताला काहीच लागत नाही. पिझ्झा वेळेत पोचत नाही, नोकरी जाते. कॉलेजात प्राध्यापक बोलतात. खोलीचं भाडं थकलंय, घरमालक दारातच उभा. त्याला आवडणाऱ्या मेरी जेनच्या नाटकाला पोचेपर्यंत दार बंद, आणि दारावरचा माणूस आत सोडत नाही. मग हातातून जाळं निघेनासं होतं. कशामुळे, ते सिनेमा नीट सांगत नाही, आणि मला ते फार आवडलं. दमलेल्या माणसाला कारण विचारू नये.

ह्या सगळ्यात पीटरच्या वाढदिवसाचा प्रसंग आहे. पाहुणे गेलेत, मे काकू टेबलाशीच पेंगलीय. (हिंदीत ती 'मे आंटी' होती, पण पीटरच्या काकाची बायको म्हटल्यावर आमच्या घरात तिची काकू व्हायला वेळ लागला नाही.) घर बँकेकडे जाणार असल्याचं पत्र पीटरच्या हाती लागतं. ती म्हणते, काही नाही, थोडं मागे पडलंय इतकंच. आणि पर्समधून वीस डॉलर काढून त्याच्यापुढे धरते. तो नको म्हणतो. तशी तिचा आवाज चढतो. फार नाहीत, घे म्हणते ना! आणि लगेच रडू फुटतं, नवऱ्याची आठवण काढते, माफी मागते. मी इथे सिनेमा मागे नेऊन हा प्रसंग परत बघितला. पैसे देणाऱ्या बाईला राग का यावा? कारण तिच्याकडे द्यायला तेवढंच उरलंय, आणि तेही कुणी परत केलं तर ती कुणाचीच मोठी राहत नाही.

आमच्या काकूने मला असेच पैसे दिले होते. 2012 चा तो पावसाळा संपत आला होता. सप्टेंबरात गोवा सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि डिचोली, साखळी, कुडचडे, सगळीकडचे खनिज वाहणारे ट्रक जागच्या जागी उभे राहिले. काकाचा ट्रक कर्जावर घेतलेला. तो आमच्या अंगणापुढे उभा असायचा, ताडपत्रीत पाणी साचायचं आणि काका रोज सकाळी काठीने ते उडवायचा. मी तेव्हा कॉलेजला पणजीला जायला लागले होते. एक दिवस काकू कदंबच्या स्टँडपर्यंत आली, आणि बस सुटायच्या वेळी तिने माझ्या मुठीत पाचशेची नोट कोंबली. नोट इतक्या घड्यांची की पोस्टाच्या तिकिटाएवढी झाली होती, आणि तिच्या तळहाताच्या घामाने ओलसर. मी नको म्हटलं. ती चिडून म्हणाली, "घे म्हटलें न्हय!" बसमधल्या दोन बायकांनी वळून बघितलं. ट्रक पुढे विकावा लागला. ती नोट कुठून आली होती ते मी कधी विचारलं नाही.

पटकथा कुणाची म्हणून मघाशी बघितलं. ॲल्विन सार्जंट. 1980 च्या 'ऑर्डिनरी पीपल'साठी ज्याला ऑस्कर मिळालं तो हा माणूस, म्हणजे एका घरातल्या दुःखावर लिहिणारा. त्याचा जन्म 1927 चा, आणि मे काकू झालेल्या रोझमेरी हॅरिसचाही 1927 चाच. पंचाहत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांनी सुपरहिरोच्या सिनेमातली ही बाई उभी केली. मूळ गोष्ट कॉमिकच्या 50 व्या अंकातली, 1967 ची. पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकून तो पोरगा पाठ फिरवून निघून जातो, ते चित्र तिथलंच. पण वीस डॉलर हे म्हाताऱ्या माणसालाच सुचणार.

दुसरी जागा स्वयंपाकघरातली. पीटर सांगतो की काकाला मारणाऱ्या चोराला त्या दिवशी मीच जाऊ दिलं होतं. तिचा हात त्याच्या हातात आहे. ती बोलत नाही, ओरडत नाही. फक्त हात काढून घेते. हळू. मग उठते आणि जिना चढून वर जाते. मारामारीच्या कुठल्याही दृश्याने मला इतकं हलवलं नाही. आणि पुढे जेव्हा ती त्याला माफ करते तेव्हा घराबाहेर सामानाची खोकी बांधून ठेवलेली आहेत. घर गेलंच. शेजारचा एक लहान मुलगा तिला मदत करतोय, आणि त्या मुलाला मोठेपणी कोण व्हायचंय ते ती पीटरला सांगते. इथे तिचं भाषण जरा लांबतं, पण ऐकावंसं वाटतं, कारण बोलणारी बाई घर सोडून निघालेली आहे.

घरमालकाची ती किडकिडीत मुलगी लहानपणी आमच्या खिजगणतीतही नव्हती. ती दार वाजवते आणि चॉकलेट केकचा तुकडा नि दुधाचा पेला देते. बस, इतकंच. पीटर खातो. त्याच्या तोंडात घास आहे आणि ती समोर उभी राहून बघतेय. ह्या सिनेमात मदत करतात ती सगळी अशीच माणसं, ज्यांच्या स्वतःच्या ताटात फार काही नाही.

मग ट्रेन. हा भाग पाठ होता, तरी आज वेगळाच लागला. (गोष्ट न्यूयॉर्कची, पण चित्रीकरण बरंचसं शिकागोच्या उन्नत रेल्वेवर झालंय.) मुखवटा जळू लागतो म्हणून तो काढतो, दोन्ही बाजूंच्या इमारतींना जाळी मारून गाडी अडवतो, ओठ ताणले जातात, छातीवरचा पोशाख फाटत जातो. गाडी थांबते, हा बेशुद्ध होऊन पुढे कलंडतो, आणि फुटलेल्या काचेतून हात येतात. प्रवासी त्याला डोक्यावरून आत नेतात, खाली निजवतात. कुणीतरी म्हणतं, पोर आहे अजून, माझ्या मुलाएवढा. आज मला हेही दिसलं की ते हात कुणी मोठे लोक नाहीत. कामावरून घरी निघालेली माणसं आहेत. दोन मुलगे मुखवटा परत देतात आणि कुणाला सांगणार नाही म्हणतात. पुढच्या मिनिटाला खलनायक डॉक्टर ऑक्टोपस येतो तर हीच माणसं मध्ये उभी राहतात. आधी मला ओलांडून जा, असं एक म्हणतो, मग दुसरा, मग तिसरा. तो सगळ्यांना एका फटक्यात बाजूला सारतो. त्यांना काहीच अडवता येत नाही. तरी उभी राहिली.

डॉक्टर ऑक्टोपस झालेल्या आल्फ्रेड मोलिनाबद्दल लिहायला हवंच. त्याच्या पाठीवरच्या त्या यांत्रिक भुजा सगळ्याच संगणकातल्या नव्हत्या, बऱ्याच दृश्यांत बाहुल्या नाचवणारे कलावंत त्या हलवत होते. म्हणून चिरूट पेटवताना त्या इतक्या जिवंत वाटतात. ह्या सिनेमाला विशेष दृश्यपरिणामांसाठी ऑस्करही मिळालं. पण मोलिना लक्षात राहतो तो पहिल्या सीडीतला, बायकोबरोबर पीटरला जेवू घालणारा, कवितेवर बोलणारा. ते घर बघितल्याशिवाय पुढचा राक्षस कळत नाही. आम्ही राक्षसच तेवढा बघत होतो.

सिनेमा संपल्यावर काकूला फोन लावला. झोपली नव्हती. विचारलं, तो स्पायडर-मॅन आठवतो का, दुसरी सीडी? म्हणाली, आठ हातांचा तो? तिने कधी बसून बघितला नव्हता. आमच्यामागे तांदूळ निवडत असायची आणि शेवट यायच्या आत चुलीकडे जायची. तिला तो शेवटी वाचला की मेला तेच ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, मेला, स्वतःचं यंत्र स्वतःच नदीत बुडवून मेला, शहर वाचवलं. "बिचारो," म्हणाली, आणि मग विचारलं, त्याला बायकापोरं होती का? बायको होती म्हटलं, पहिल्या सीडीत. मग ती पहिल्या सीडीचं सगळं विचारत बसली आणि मी सांगत बसले. वीस डॉलरपाशी मी थोडं वगळलं. चवथीला घरी लॅपटॉप नेईन तेव्हा तिने स्वतःच बघावं.